बेळगावात ब्युटी पार्लर काढायचंय? कुठलं लायसन्स, कुठनं काढायचं

आधी एक गोष्ट क्लियर करून टाकूया. रील्समध्ये बघतो ते 'लायसन्स्ड कॉस्मेटॉलॉजिस्ट' (म्हणजे केस-त्वचा-मेकअपचं काम करणारा) प्रकरण अमेरिकेतलं हाय, तिकडं टेक्सास, कॅलिफोर्नियात १,००० तासांचं ट्रेनिंग, मग परीक्षा, मग राज्याचं लायसन्स, ते नसेल तर पैसे घेऊन कुणाच्या केसाला कात्री लावता येत नाही. आपल्याकडं कर्नाटकात असलं लायसन्स देणारं बोर्डच नाही. त्यामुळं कुणी एजंट 'सरकारी कॉस्मेटॉलॉजी लायसन्स काढून देतो, एवढे भरा' म्हणाला की नमस्कार करून उठायचं.

आपल्याकडं कागद दोन प्रकारचे. एक तुमच्या हातातल्या कामाचा आणि एक तुमच्या दुकानाचा, आणि लोक नेमका यातच घोळ घालतात, क्लासचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं की झालं असं वाटतंय, पण कॉर्पोरेशनचा माणूस आला की तो त्या फ्रेमकडं बघत पण नाही, तो ट्रेड लायसन्स मागतोय.

कामाचा कागद म्हटलं तर सगळ्यात वजनदार आयटीआयचा. कॉस्मेटॉलॉजी नावाचा ट्रेडच असतोय, एक वर्षाचा, दहावी पास पाहिजे, मराठी मीडियमची एसएसएलसी असली तरी काय अडत नाही. शेवटी ऑल इंडिया ट्रेड टेस्ट, पास झालात की नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट, ते गोव्याला, कोल्हापूरला, पुण्याला कुठं पण चालतंय. फक्त सगळ्याच आयटीआयत हा ट्रेड नसतोय, ॲडमिशनच्या आधी स्वतः जाऊन विचारा.

वर्षभर जमणार नसेल, म्हणजे लहान पोरं हायत, सासू-सासरे हायत, तर ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे कोर्स बघा, असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट, ब्युटी थेरपिस्ट, हेअर स्टायलिस्ट असे. आणि ज्या वर्षानुवर्षं थ्रेडिंग-फेशियल करतायत पण हातात कागद एक पण नाही, त्यांच्यासाठी आरपीएल हाय, म्हणजे तुम्हाला येतंय ते तपासून सर्टिफिकेट देतात, सगळं पहिल्यापासून शिकायला बसायची गरज नाही. खेड्यातल्या पोरींनी आरसेटीत चौकशी करावी, बँका चालवतात ती, ट्रेनिंग फुकट आणि राहणं-जेवण पण तिथंच. सलूनवाल्या भावांनी पीएम विश्वकर्मा सोडू नका, २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १८ धंदे हायत आणि त्यात न्हावीकाम हाय, हत्यारांसाठी १५,००० चं व्हाउचर आणि ५ टक्क्यांनं आधी १ लाख, ते फेडल्यावर पुढं २ लाख कर्ज.

प्रायव्हेट क्लास वाईटच असं नाही, काही मॅडम खरंच हात धरून शिकवतात. पण 'इंटरनॅशनल डिप्लोमा' बघून भुलू नका. सर्टिफिकेट कोण देतंय, ती संस्था एनसीव्हीईटीची (कौशल्य शिक्षणावर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यतावाली हाय का, एवढं फी भरायच्या आधी विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

आता दुकान. ट्रेड लायसन्स कुठं काढायचं ते गाळा कुठं हाय त्यावर. शहापूर, वडगाव, टिळकवाडी असेल तर महानगरपालिका, कॅम्पात असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, निपाणीत नगरसभा, खानापुरात पट्टण पंचायत, हिंडलगा-येळ्ळूरसारख्या गावात ग्रामपंचायत. आधार, पॅन, फोटो, भाडेकरार, मालकाची घरपट्टी भरलेली पावती हे तयार ठेवा. माझं ऐका, आरसे-खुर्च्यांची ऑर्डर द्यायच्या आधी मालकाची घरपट्टी थकलेली हाय का ते बघा, कारण ती थकबाकी निघाली की तुमचा अर्ज अडकतोय आणि भाडं मात्र चालूच राहतंय. घरातल्याच खोलीत करणार असाल तरी विचारून घ्या.

त्याच्या जोडीला लेबर डिपार्टमेंटकडं १९६१ च्या दुकान कायद्याखाली नोंदणी, धंदा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, पूर्ण फुकट, साईटच्या शेवटी जीओव्ही डॉट इन बघूनच आधार टाका, पैसे मागणाऱ्या तशाच दिसणाऱ्या साईटी ढिगानं हायत. मुद्रा लोनला बँक तो उद्यमचा कागद विचारतेय. जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर, त्यामुळं सुरवातीला त्याचं टेन्शन नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या कामावर तो १८ चा ५ टक्के झालाय.

फॉर्म बरेचसे कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर वाचणारं कुणीतरी बरोबर न्या, न वाचता सही ठोकू नका. दुकानाच्या बोर्डाचं पण तसंच, कन्नड भाषा कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे आणि ती वर. राजकारण काय ते तुम्हाला-मला माहीतच हाय, पण पेंटरला हे पहिल्यांदाच सांगितलं तर पाटी दोनदा रंगवावी लागत नाही, मराठी नाव उरलेल्या जागेत चांगलं मोठं बसतंय.

आणि हे नीट वाचा. वरचे सगळे कागद असले तरी बोटॉक्स, फिलर असलं सुईचं काम आपलं नाही, ते डॉक्टरचं, आणि असल्या क्लिनिकला कर्नाटकात २००७ च्या केपीएमई (खाजगी दवाखान्यांच्या) कायद्याखाली वेगळी नोंदणी लागतेय. दोन दिवसांचा वर्कशॉप करून 'आता मी पण करते' म्हणणाऱ्या हायत, त्यांच्या नादाला लागू नका. गोरं करायच्या स्टेरॉइडवाल्या क्रीम पण देऊ नका, त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. घरी बनवलेलं तेल-उटणं स्वतःचं लेबल लावून विकायचं असेल तर त्याला कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली उत्पादनाचं लायसन्स, तो वेगळाच खटाटोप.

राहिला हेअर डाय. लग्नसराईत चंदगडकडनं नवरी आदल्या दिवशी येते आणि म्हणते आत्ताच कलर करा. करू नका. ४८ तास आधी कानामागं थोडा लावून बघायचा, खाज-सूज आली तर तो डाय नाहीच, म्हणून बुकिंग घेतानाच सांगून ठेवा की ताई, दोनदा यावं लागेल.