अमेरिकेत घरातलं काही बिघडलं की

भाड्याच्या घरात राहत असाल तर आधी भाडेकरार काढा. नळ, गीझर, भिंतीतली वायर आणि घराबरोबर मिळालेली यंत्रं बहुतेक वेळा घरमालकाची जबाबदारी असतात. तक्रार लेखी करा, म्हणजे तारीख राहते. आपली मंडळी एकतर भिडेपोटी महिनाभर गळका नळ सोसतात, नाहीतर स्वतःच पाना घेऊन बसतात आणि घर सोडताना डिपॉझिट कापलं म्हणून कुरकुरतात.

फोन करण्यापूर्वी तीन गोष्टी मात्र तपासाच. बाथरूममधला किंवा ओट्याजवळचा प्लग अचानक बंद पडला, तर घरभर फिरून ‘टेस्ट’ आणि ‘रीसेट’ अशी दोन छोटी बटणं असलेला सॉकेट शोधा. वीज गळली की आपोआप बंद होणाऱ्या अशा एका (जीएफसीआय) सॉकेटच्या पुढे तीन-चार साधे सॉकेट जोडलेले असतात. मूळ सॉकेट भलत्याच बाथरूममध्ये, नाहीतर गॅरेजमध्ये खोक्यांमागे असतो. दुसरं, ब्रेकर. पडलेला ब्रेकर इथे पूर्ण खाली येत नाही, मधेच अडकून राहतो. नुसता वर ढकलून चालत नाही, आधी पूर्ण ‘ऑफ’ करायचा आणि मग ‘ऑन’. तिसरं, सिंकखालचा खरकटं दळणारा डिस्पोजर. घरघरतोय पण फिरत नाही म्हणजे आत काहीतरी अडकलंय. स्विच बंद करा, बुडाच्या मधोमध भोक असेल त्यात पाव इंची अ‍ॅलन की घाला, दोन्ही बाजूंना फिरवून मोकळा करा आणि बुडाचंच लाल बटण दाबा. वरून हात घालायचा नाही, चमचा काढायलाही नाही.

स्वतःचं घर असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. या देशात पार्ट सहज मिळतो, महाग असतो तो माणसाचा हात. शिवाय कागदपत्रं उघड असतात, वीस वर्षं जुन्या यंत्राचाही सुटे भाग वेगवेगळे दाखवणाऱ्या चित्रासकट तक्ता सापडतो. इतकं असूनही आपल्यातले चार पदव्या घेतलेले इंजिनियर ड्रायरचा एक स्क्रू न काढता नवा ड्रायर आणतात.

पार्ट शोधायचा तो मॉडेल नंबरवरून. फोटोवरून नाही, ‘दिसायला अगदी असाच आहे’ यावरून तर नाहीच. नंबराची पट्टी फ्रिजमध्ये आतल्या बाजूच्या भिंतीवर, डिशवॉशरच्या दाराच्या कडेला, वॉशरच्या झाकणाखाली आणि ड्रायरचं दार उघडल्यावर चौकटीवर असते. शेवटची अक्षरं आणि आकडे धरून पूर्ण नंबर उतरवा. तीच शेपटी रंग आणि आवृत्ती सांगते, आणि आवृत्ती बदलली की आतला पंपही बदललेला असू शकतो. मग त्या मॉडेलच्या तक्त्यातून पार्ट नंबर काढा आणि खरेदीसाठी शोधताना फक्त पार्ट नंबर टाका. पार्ट नंबर बदलत राहतात. जुना ‘मिळत नाही’ दिसला तरी त्याची जागा घेणारा नवा नंबर बहुधा असतोच, तेव्हा लगेच हात टेकू नका.

केनमोर नावाची यंत्रं जुन्या घरांत खूप दिसतात. हा सिअर्स या दुकानसाखळीचा ब्रँड, पण सिअर्सने ती कधी स्वतः बनवली नाहीत. मॉडेल नंबरात टिंबाच्या आधीचे तीन आकडे खरा कारखाना सांगतात. ११० म्हणजे व्हर्लपूल, ७९५ म्हणजे एलजी. जीईच्या पार्टमध्ये सुरुवातीची अक्षरं बघा. डब्ल्यूआर फ्रिजचा, डब्ल्यूबी शेगडी-ओव्हनचा, डब्ल्यूडी डिशवॉशरचा, डब्ल्यूएच वॉशरचा, डब्ल्यूई ड्रायरचा. दुकानदाराने भलताच हातात ठेवला तर एवढ्यावरून कळतं.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. बऱ्याच वॉशर-ड्रायरमध्ये घडी केलेला तांत्रिक कागद आत खोचलेला असतो, वरच्या बटणांच्या पॅनेलमागे किंवा खालच्या पत्र्याआड. डिशवॉशरचा पायाजवळच्या पट्टीमागे. त्यावर वायरिंग, एररचे कोड आणि कोणत्या भागाचा रेझिस्टन्स किती ओहम यायला हवा हे छापलेलं असतं. फोटो काढा आणि कागद परत जागेवर ठेवा.

आता जे कळकळीने सांगायचंय ते. बोर्ड मागवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर लक्षण टाकलं की पाच मिनिटांत कोणीतरी छातीठोकपणे ‘कंट्रोल बोर्ड गेला’ म्हणतो. बोर्ड हा यंत्रातला बहुतेक वेळा सर्वात महाग भाग, आणि विजेचा भाग एकदा उघडला की कित्येक विक्रेते परत घेत नाहीत. नव्या बोर्डानेही यंत्र चालत नाही, तेव्हा कुठे खरा शोध सुरू होतो. बोर्ड शेवटी तपासायचा, आणि तोवर साधा मल्टिमीटर घ्यायचा.

विजेवरच्या ड्रायरचं उदाहरण घ्या. ढोल फिरतो, कपडे गार. हा ड्रायर २४० व्होल्टवर चालतो, पण मोटर त्यातल्या एकाच बाजूच्या १२० व्होल्टवर फिरते. जोडब्रेकरची एक बाजू सुटली की ढोल फिरत राहतो आणि कॉइल थंड पडते. म्हणून पहिलं काम ब्रेकर पूर्ण बंद करून चालू करणं. तेवढ्याने काम झालं नाही तर प्लग काढा, मागचा पत्रा उघडा आणि मीटर ओहमवर ठेवा. थर्मल फ्यूजची (जास्त तापलं की उडणारा फ्यूज) एक वायर सुटी करून दोन टोकं तपासा. शून्याच्या आसपास आलं तर फ्यूज ठीक, मीटर ‘ओएल’ दाखवत असेल तर उडालाय. हीटरच्या डब्यावरचा कटऑफही तसाच बघा. कॉइल साधारण ८ ते १२ ओहम दाखवते. ५४०० वॅटची असेल तर हिशेबाने १०.७ येतात. कॉइलचं टोक आणि पत्रा यांच्यात मात्र काहीच लागता कामा नये. लागलं तर कॉइल तुटून पत्र्याला टेकलीय.

फ्यूज उडालेला सापडला की बदलून लगेच दार लावू नका. फ्यूज उडतो कारण गरम हवा बाहेर जात नाही. मागचा पाइप थेट बाहेरच्या झडपेपर्यंत साफ करा. चुरगळलेला फॉइलचा किंवा प्लॅस्टिकचा पाइप असेल तर ४ इंची कडक धातूचा घाला. पाइपमधला कपड्यांच्या तंतूंचा कचरा तसाच राहिला तर नवा फ्यूजही जाणार, शिवाय आगीची भीती आहेच. ड्रायर गॅसवरचा असेल तर पाइप साफ करण्यापलीकडे जाऊ नका.

उन्हाळ्यात बाहेरचा एसी गुणगुणतो आणि पंखा फिरत नाही, तेव्हा बहुधा कॅपॅसिटर गेलेला असतो. त्यावर ३५/५ असे मायक्रोफॅरडचे आकडे असतात, ते जुळलेच पाहिजेत. ३७० व्होल्टच्या जागी ४४० चालतो, उलट नाही. वीज तोडल्यावरही त्यात चार्ज उरतो, त्यामुळे तो उतरवता येत नसेल तर माणूस बोलवा. गॅरेजच्या दारावरच्या पीळ दिलेल्या स्प्रिंगला तर कोणीच हात लावू नये.

स्क्रू आणि नळ यांत नवी मंडळी हटकून फसतात, कारण इथे सगळं इंचात. आपला मेट्रिक एम ५ चा स्क्रू इंची मापाच्या १०-३२ च्या भोकात एक-दोन आटे छान बसतो आणि मग अडकतो. जोर केलात तर भोकातले आटे गेले. एम ६ आणि पाव इंची २० हेही असेच सख्खे वैरी. युरोपीय किंवा जपानी यंत्रात मेट्रिक असतं, जुन्या अमेरिकी यंत्रात इंच. जुना स्क्रू खिशात घालून दुकानात जा आणि तिथल्या नट-बोल्टच्या नमुन्यात फिरवून बघा. एस हार्डवेअरमध्ये खणांत सुटे स्क्रू एक-एक मिळतात. विचित्र मापाचा असेल तर मॅकमास्टर-कार, इलेक्ट्रॉनिक भाग असेल तर डिजिकी किंवा माउझर, ही ऑनलाइन दुकानं.

भारतातून आणलेला नळ किंवा शॉवर लावायला जाऊ नका. तिथले पाइपचे आटे बीएसपी या मापपद्धतीचे, इथले एनपीटीचे. अर्ध्या इंचाला दोन्हींत इंचाला १४ आटे असतात, पण कोन ५५ आणि ६० अंशांचा, आणि एनपीटी निमुळता. टेफ्लॉन टेप गुंडाळून आज थांबतं, उद्या भिंतीत गळतं. बागेच्या पाइपचे आटे तर पाऊण इंच म्हणवूनही पाऊण इंची नळाशी जुळत नाहीत, मधे अ‍ॅडाप्टर लागतो. इथल्याच कंपनीचा नळ गळत असेल तर आधी कंपनीला फोन लावा. मोएन आणि डेल्टा मूळ ग्राहकाला आयुष्यभराची वॉरंटी देतात आणि कार्ट्रिज अनेकदा फुकट येतं.

राहिला भारतातून आणलेला मिक्सर. ब्रशच्या मोटरला इथले ६० हर्ट्झ चालतात, अडचण व्होल्टेजची. ७५० वॅटच्या मिक्सरला किमान १५०० वॅटचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्या, कारण सुरू होताना तो बराच जास्त करंट ओढतो. प्रवासात वापरतात तो हलका कन्व्हर्टर मोटरसाठी नसतो. २००० वॅटची इंडक्शन शेगडी आणूच नका. १२० व्होल्टवर तिला १६ अँपिअरहून जास्त लागतात आणि इथल्या नेहमीच्या सॉकेटचा ब्रेकर १५ चा. काही महाभाग ड्रायरच्या सॉकेटवरून भारतातली यंत्रं चालवतात. तिथला ब्रेकर ३० अँपिअरचा असतो, मिक्सरची बारीक वायर वितळेपर्यंत तो पडणार नाही. कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र मॉडेल बघून दोन-दोन जोड बॅगेत टाका. ट्रान्सफॉर्मर काम झालं की बंद करा, रिकामाही तो गरम होत राहतो.