नकलमध्ये अडकलेलं बेअरिंग : घण उचलण्याआधी या चुका टाळा

माझ्याकडे २० टनी प्रेस (दाब देऊन भाग काढायचं-घालायचं यंत्र) आहे, त्यामुळे कुडाळच्या आसपासची अडलेली नकलं, म्हणजे पुढचं चाक ज्यावर बसतं ते धातूचे भाग, शेवटी माझ्या दारात येतात. पोत्यात गुंडाळून, डिकीत टाकून, आणि बहुतेक वेळा घणाचे घाव खाऊन. आमच्याकडे चार महिने धो धो पाऊस, वर मालवण-वेंगुर्ल्याचं खारं वारं. दहा वर्षांच्या गाडीचं बेअरिंग गंजून नकलला चिकटलं तर नवल नाही. ते निघतंच. पण आणणाऱ्याने आधी जे काही करून ठेवलेलं असतं, ते निस्तरण्यात निम्मा दिवस जातो.

मी बोलतोय ते स्विफ्टसारख्या गाड्यांच्या पुढच्या चाकाबद्दल, जिथे बेअरिंग (बाहेरची रिंग, आतली रिंग आणि मध्ये गोळ्या) नकलमध्ये दाबून बसवलेलं असतं आणि त्याच्या आत हब, म्हणजे चाक ज्याला बोल्टने बसतं तो भाग, दाबलेलं असतं.

लॉक (सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसून बेअरिंगला अडवून धरणारी स्प्रिंगची कडी) न काढता प्रेस मारणे. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून हिच्यावर माझा विशेष राग आहे. गॅरेजात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. उस्ताद जेवायला गेलेले. समोर एक नकल, गंज, चिखल आणि जुन्या ग्रीसने पार लिंपलेलं. हब निघालं होतं. म्हटलं, उस्ताद येईपर्यंत बेअरिंग काढून ठेवू, शाबासकी मिळेल. प्रेसखाली लावलं आणि हँडल मारत सुटलो. हँडल जड झालं. मला वाटलं गंज आहे, आणखी जोर लावला. तडाक असा आवाज आला आणि बेअरिंग सुटल्यासारखं वाटलं. सुटलं नव्हतं. सर्क्लिपची खाच काठासकट तुटून आली होती. उस्तादांनी हात धुता धुता एवढंच विचारलं, ‘‘लॉक काढलंस का रे?’’ नवीन नकलचे पैसे तीन महिने माझ्या पगारातून कापले गेले.

तेव्हापासूनची सवय : आधी तारेचा ब्रश आणि डिझेल. लॉकची दोन्ही टोकं डोळ्यांना स्वच्छ दिसल्याशिवाय प्रेसकडे जायचंच नाही. लॉक गंजून बसलं असेल तर खाचेत गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवतो, सकाळी त्याच्यावर बोथट छिन्नीने हलके टोले देतो आणि मग सर्क्लिप प्लायर लावतो. लॉक ज्या बाजूला असतं त्याच बाजूने बेअरिंग बाहेर येतं, कारण दुसऱ्या बाजूला नकललाच पायरी असते. उलट्या बाजूने कितीही दाबा, तुम्ही लोखंडाशी कुस्ती खेळताय.

बेअरिंगच्या रिंगवर थेट घण घालणे. बेअरिंगचं पोलाद कडक असतं, वाकत नाही, फुटतं. तुकडा गोळीसारखा उडतो. गॉगल घाला, यावर वाद नको.

गॅस लावून नकल लाल करणे. नकलला ऊब द्यायची असते, भाजायचं नसतं. हीट गन किंवा गॅसची ज्योत भोवताली फिरवत ठेवायची. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र झालं की पुरे. नकल अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर तेवढ्यावरच निम्मं काम होतं, कारण अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. आणि बॉल जॉइंटचं रबर, एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर आधी काढा. स्प्रे मारल्या मारल्या तर ज्योत मुळीच लावू नका.

नकलमध्ये नुसती बाहेरची रिंग अडकून राहिली तर माझा उपाय वेगळा आहे. नकल गाडीवरून उतरवलेलं असेल तर रिंगच्या आतून वेल्डिंगची एक रेघ गोल फिरवतो आणि चहा प्यायला जातो. गार होताना रिंग आक्रसते. परत येईपर्यंत बरेचदा हाताने निघते. घाईवाल्यांना हा उपाय पटत नाही, कारण त्यात थांबावं लागतं.

हबवर राहिलेली आतली रिंग. हब ओढलं की अर्धी रिंग त्याच्यावरच राहते, हे ठरलेलंच. स्प्लिटर (रिंगच्या मागे शिरणारी दोन तुकड्यांची पकड) बसत असेल तर पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावा. नसेल तर ग्राइंडरने तिरपी चीर पाडा, पण आरपार नाही. कागदाएवढं लोखंड शिल्लक ठेवून छिन्नीचा एक टोला दिला की रिंग टिक करून तडकते. हबला चर पडली तर नवीन रिंग नीट बसणार नाही.

आता दुसरी आवडती चूक, आणि ही जुनं काढण्याची नाही, नवीन घालण्याची आहे. एक टॅक्सीवाला थोड्याच दिवसांत तिसऱ्यांदा त्याच चाकाचा आवाज घेऊन आला. दर वेळी म्हणायचा, ‘‘दुकानदार डुप्लिकेट माल देतो.’’ बसवतोस कसं, विचारलं. बेअरिंग नकलमध्ये घालायचं, नकल व्हाइसवर टेकवायचं आणि वरून हब ठोकायचं! म्हणजे सगळा जोर आतल्या रिंगमधून गोळ्यांवर. गोळ्या आपल्या वाटेत खड्डे पाडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आजारी. दुकानदार बिचारा फुकट शिव्या खात होता.

नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर; हब दाबताना खालून आधार आतल्या रिंगला. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग किंचित घासून मी दाबायला वापरतो, अशा पाचसहा फळीवर पडलेल्या असतात. हब काढतानाही जोर गोळ्यांवरूनच जातो, म्हणून एकदा निघालेलं बेअरिंग परत घालू नका. ‘‘अजून चांगलं फिरतंय की’’ हे मला सांगू नका.

प्रेस नसेल तर बोल्ट आणि वाट्यांचा पुलर सेट चांगला, नकल गाडीवरच ठेवून काम होतं. हार्डवेअरच्या दुकानातला साधा आट्यांचा रॉड आणून जुगाड करू नका, दोन फेऱ्यांत आटे जातात.

बाकी किरकोळ :

एबीएस असेल तर बेअरिंगची चुंबकी बाजू सेन्सरकडे. उलटं बसवलं तर दिवा लागणार आणि सगळं पुन्हा उघडावं लागणार.

उजवीकडे वळताना घुंई वाढली तर संशय डाव्या चाकावर, कारण वजन तिकडे जातं. जॅक लावून एका हाताने स्प्रिंग धरा, दुसऱ्याने चाक फिरवा. खरखर बोटांना कळते. चांगल्या बाजूचं बेअरिंग काढून आणणारे मी पाहिलेत.

एक्सल नट (हबच्या मधोमध असलेला मोठा नट) नवीन घ्या, इम्पॅक्ट गनने आवळू नका, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) आणि त्या गाडीचा आवळण्याचा आकडा वापरा. नट आवळल्याशिवाय गाडी चाकावर उतरवून ढकलू नका. गॅरेजच्या दारापर्यंतही नाही.