सोलापुरात आधी देऊळ, मग किल्ला

सिद्धेश्वर मंदिर आणि भुईकोट किल्ला एकमेकांना लागूनच आहेत, पण बहुतेक जण आधी किल्ला पाहतात आणि देवळात पोचेपर्यंत फरशी तापून तळपाय भाजतात. क्रम उलटा करा.

१. मार्च ते मे उजाडताच निघा. गाडी एकदाच लावा, पुढे सगळं पायीच.

२. आधी मंदिर. ते तळ्यातच असल्याने सकाळी वारा असतो, फरशीही गार. आवारातली संत सिद्धरामेश्वरांची समाधी याच वेळी पाहा. उशीर झालाच तर खिशातले जाड सुती मोजे कामाला येतात. नायलॉनचे नकोत, गुळगुळीत दगडावर घसरतात.

३. मग बूट घालून किल्ला. दुहेरी तटबंदी आणि खंदक बाहेरून पाहा, नंतर आत जा. ऊन चढलं तरी बागेतल्या झाडांची सावली मिळते. तटावरून तळं नि देऊळ एका नजरेत येतं. माझ्या मते हीच खरी जागा.

४. अंगात दम असेल तर शेवटी चार हुतात्मा पुतळा चौक, म्हणजे इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे पुतळे.

पाण्याची बाटली घरूनच भरून न्या. संक्रांतीच्या सुमारास मात्र हा बेत नको: सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत गाडी लावायला जागा मिळत नाही.