उपग्रहचित्रांवरून तलावाचं पाणी मोजताय? या चुका टाळा

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी मिळतात आणि यूट्यूबवर बघून तासाभरात निळा नकाशा तयार होतो. खूप जण धरणा-तलावांचे नकाशे करू लागले, हे चांगलंच झालं. पण त्याच नकाशांवरून टँकर कुठे पाठवायचा, गाळ कुठला आधी काढायचा हे ठरतं, आणि तिथे पुन्हा पुन्हा त्याच चुका दिसल्या की जीव तुटतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक २५ जानेवारी २०२२ या तारखेपाशी आहे. त्या दिवसापासून युरोपीय अवकाश संस्थेने सेंटिनेल-२ च्या पिक्सेलच्या, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ठिपक्याच्या, आकड्यांत १००० मिळवायला सुरुवात केली. अगदी गडद जागांचे आकडे शून्याखाली जाऊन कापले जाऊ नयेत, हा हेतू. वापरताना ते हजार आपण वजा करायचे असतात.

एका संस्थेचा अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. मराठवाड्यातल्या एका साठवण तलावाचं पाणी २०२१ च्या फेब्रुवारीपेक्षा २०२३ च्या फेब्रुवारीत निम्म्याहून कमी, असा निष्कर्ष आणि सोबत गाळ काढण्याचा प्रस्ताव. गावातले लोक मात्र ठामपणे सांगत होते, तलाव त्या पावसाळ्यात सांडव्यावरून वाहिला. त्यांचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. मी पाण्याच्या मधोमध एका पिक्सेलचे आकडे काढले. जुन्या चित्रात हिरव्या बँडला (हिरव्या प्रकाशाच्या पट्ट्याला) ६००, निअर-इन्फ्रारेडला (डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला) २००. पाणी ओळखायचा निर्देशांक एनडीडब्ल्यूआय म्हणजे या दोन आकड्यांची वजाबाकी भागिले बेरीज, ४०० भागिले ८००, ०.५. नव्या चित्रात, हजार वजा न केल्यामुळे, १६०० आणि १२००. वजाबाकी तीच ४००, पण बेरीज २८००, म्हणून उत्तर ०.१४. कुठल्याशा ट्युटोरियलमधून उचललेला थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वर उत्तर आलं तरच पाणी धरायचं ती सीमा, ०.२ होता. पाणी जागेवरच होतं, फक्त नकाशातून गेलं. पिकांचा हिरवेपणा मोजणाऱ्या एनडीव्हीआयचंही असंच होतं, हिरवंगार पीक सुकल्यासारखं दिसतं.

उपाय? नुसत्या तारखेवर जाऊ नका, कारण जुनी चित्रंही आता नव्या पद्धतीने पुन्हा तयार करून दिली जातात. प्रत्येक चित्राच्या मेटाडेटात (सोबतच्या माहितीत) प्रोसेसिंग बेसलाइन, म्हणजे चित्र कुठल्या आवृत्तीच्या पद्धतीने तयार केलं तो क्रमांक, बघा: ०४.०० किंवा पुढची असेल तर हजार वजा. गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेवर काम करत असाल तर ‘हार्मोनाइज्ड’ संग्रहच घ्या, त्यात हे हजार आधीच वजा केलेले असतात. माझी स्वतःची सवय याहून साधी आहे. काहीही मोजण्याआधी खोल पाण्याचा निअर-इन्फ्रारेड आकडा बघते. तो हजाराच्या वर असला की पुढचं काम थांबवते. दोन मिनिटं लागतात, आणि ती वाचवण्यासाठी कुणी मला कारण दिलं तर ते मी ऐकून घेत नाही.

दुसरी चूक उजनीवर काम करणाऱ्यांची. जलपर्णी पसरली की तिच्याखालचं पाणी एनडीडब्ल्यूआयला दिसत नाही आणि सरोवर आटल्याचा नकाशा तयार होतो. मग कुणीतरी हुशारी करतं आणि जलाशयाच्या हद्दीतलं हिरवं सगळं पाणी धरतं. तेही चूक, कारण उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की उघड्या गाळावर लोक पिकं घेतात. हे गाळपेरीचं हिरवं आणि जलपर्णीचं हिरवं, फॉल्स कलरमध्ये (निअर-इन्फ्रारेड लाल रंगात दाखवणाऱ्या चित्रात) दोन्ही सारखीच लाल दिसतात. मी लागोपाठच्या दोन तारखांची चित्रं आलटून पालटून बघते. जलपर्णी वाऱ्याबरोबर सरकते, तिच्या कडा बदलतात. पीक हलत नाही, आणि त्याला बांधाच्या सरळ रेघा असतात. हे डोळ्यांनीच करावं लागतं. बटण दाबून होत नाही म्हणून नवशिके ते टाळतात, आणि इथेच फसतात.

कोयनेसारख्या डोंगरातल्या जलाशयात डिसेंबर-जानेवारीची सावली पाणी म्हणून मोजली जाते. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, तेव्हा सूर्य खालीच असतो. उंचीच्या नकाशावरून उतार काढा आणि चढावरचं ‘पाणी’ पुसून टाका.

जून ते सप्टेंबरच्या चित्रांचा मीडियन (प्रत्येक पिक्सेलचा मधला आकडा) काढून ‘पावसाळ्यातलं पाणी’ दाखवू नका. तलाव त्या काळात रोज भरत असतो, तो नकाशा कुठल्याच दिवसाचा नसतो. ढगांतून बघायला सेंटिनेल-१ या दुसऱ्या उपग्रहाचं रडार आहे, फक्त वाऱ्याने लाटा उठल्या की त्यात पाणी जमिनीसारखं उजळ दिसतं.

क्षेत्रफळ अक्षांश-रेखांशाच्या अंशांत मोजू नका. मीटरमध्ये मोजणारी यूटीएम ही नकाशा-पद्धत घ्या, आणि झोन बरोबर निवडा: पुणे तिच्या ४३ व्या झोनमध्ये येतं, नागपूर ४४ व्या. लँडसॅट-७ या अमेरिकी उपग्रहाच्या ३१ मे २००३ नंतरच्या चित्रांत रिकामे पट्टे आहेत, ते भरून काढल्याशिवाय ती वापरू नका.

आणि पाण्याचा पसारा म्हणजे साठा नव्हे. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसीपैकी ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा आहे, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी. धरण ‘उणे’ गेल्याची बातमी येते तेव्हाही चित्रात भरपूर पाणी दिसतं. त्या धरणाच्या अलीकडच्या गाळ-सर्वेक्षणाचा क्षेत्र-क्षमता तक्ता (किती पसाऱ्याला किती साठा ते सांगणारा) हाताशी नसेल, तर अहवालात हेक्टर लिहा, टीएमसी लिहू नका.