हर्पीस पुन्हापुन्हा येतोय? मुंग्या आल्या त्याच दिवशी काय करायचं

जननेंद्रियावरचा हर्पीस, म्हणजे तिथे दुखरे फोड आणणारा व्हायरसचा संसर्ग, एकदा झाला की व्हायरस अंगातून जात नाही, हे आधी मान्य करून टाका, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. कमरेखाली मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत तो गप पडून असतो आणि ताप, जागरण, पाळी, टेन्शन असं काही निमित्त मिळालं की नसेवरून परत कातडीवर येतो. गणेश चवथीच्या आठवड्यात माटोळी (गणपतीवर बांधायची फळापानांची सजावट), पाहुणे, रात्रीची भजनं आणि झोपेचा बट्ट्याबोळ, आणि मग विसर्जन झालं की खाली चुरचुरायला लागतं, असं होणारे बरेच असतात, फक्त बोलत कोणी नाही. दिलासा एवढाच की पहिल्या वर्षी जास्त त्रास देतो आणि पुढे बहुतेकांचं येणं कमी होत जातं.

सगळ्यात आधी, हा हर्पीसच आहे ना ते नक्की करा. पावसाळ्यात आपल्याकडे जांघेत नायटा कोणालाही होतो, आणि खाज म्हटली की फार्मसीवाला स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब हातात ठेवतो, दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर सगळं चिघळतं. घरातलं कोणीतरी नागीण म्हणून गेरू लावायला सांगतं, तेही नको, नागिणीचा व्हायरस वेगळा आणि औषधाचा डोसही वेगळा. ताजा फोड असताना, म्हणजे शक्यतो पहिल्या एकदोन दिवसांतच, डॉक्टरकडे जाऊन त्यातल्या पाण्याचा स्वॅब द्यायचा आणि पीसीआर करायची. खपली धरल्यावर गेलात तर टेस्टमध्ये सापडेलच असं नाही. रक्ताच्या आयजीएम टेस्टवर पैसे घालवू नका, तिच्यावरून धड काही कळत नाही. त्याच खेपेला एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही उरकून घ्या.

कुठे जायचं? गोव्यात बांबोळीला गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, स्किन ओपीडी आहे. सरकारी इस्पितळांत गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतात, तिथे तपासणी आणि औषध फुकट मिळतं, हर्पीससाठी लाल रंगाचं किट असतं. गावात सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून डिचोलीचा माणूस म्हापशाला आणि म्हापशाचा मडगावला जातो, तसं केलं तरी चालेल, पण जा.

आता मुख्य गोष्ट. गोळ्या घरात आधीपासून हव्यात. माझ्या मते निम्मी लढाई इथेच असते, कारण मुंग्या, चुरचुर, मांडीत किंवा ढुंगणात चमका अशी लक्षणं सुरू झाली की त्याच दिवशी, निदान फोड दिसल्यापासून चोवीस तासांत गोळी पोटात गेली तर त्रास लवकर आटपतो, कधीकधी फोड येतच नाहीत, आणि तुम्ही मात्र शनिवारी रात्री लक्षण आलं म्हणून सोमवारच्या ओपीडीची वाट बघत बसलात तर गोळीचा अर्धा उपयोग गेला. म्हणून बरं असतानाच डॉक्टरकडून प्रिस्क्रिप्शन लिहून घ्यायचं आणि एक कोर्स आणून ठेवायचा. स्कूटरच्या डिकीत नको, उन्हात ती भट्टी होते, कपाटात ठेवा.

डोस साधारण असे असतात: अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिग्रॅ दिवसातून तीनदा दोन दिवस, नाहीतर ४०० मिग्रॅ तीनदा पाच दिवस, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा तीन दिवस. कुठला तुम्हाला बरा ते डॉक्टर ठरवतील, किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा कारण डोस कमी करावा लागतो. गोळ्या चालू असताना पाणी भरपूर प्या. अ‍ॅसायक्लोव्हिरच्या मलमाचा इथे फारसा उपयोग होत नाही, लोक उगाच ट्यूबवर ट्यूब संपवतात.

फोड असेपर्यंत जागा साध्या पाण्याने धुवायची आणि मऊ कपड्याने टिपून कोरडी करायची, घासायचं नाही. डेटॉल, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. दुखत असेल तर पॅरासिटामोल, आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ. बायकांना लघवी लागली की जीव नको होतो, तेव्हा लघवी करतानाच मगने कोमट पाणी वरून ओतत राहायचं, जळजळ बरीच कमी होते. त्या भीतीने पाणी पिणं बंद करू नका, लघवी घट्ट झाली की जास्त झोंबते. कपडे सुती आणि सैल, आणि जून-जुलैत दोरीवर न वाळलेली दमट चड्डी तशीच घालून ऑफिस गाठायचं नाही, इस्त्री फिरवा. फोडाला हात लागला तर साबणाने धुवा, विशेषतः डोळ्यांत लेन्स घालत असाल तर.

सेक्स मुंग्या सुरू झाल्यापासून कातडी पूर्ण भरेपर्यंत बंद, कंडोम घालूनही नाही. एरवी कंडोम वापरा, धोका बराच कमी होतो, पण झाकली न जाणारी कातडी राहतेच, आणि फोड नसतानाही व्हायरस अधूनमधून बाहेर पडतो. त्यामुळे जोडीदाराला सांगणं भाग आहे. आणि सांगितल्यावर ‘कोणाकडून आणलंस’ यावरून भांडण पेटतं, त्याला अर्थ नाही, संसर्ग वर्षानुवर्षं काही न दाखवता राहू शकतो आणि मग अचानक दिसतो, ओठावर जर, म्हणजे हर्पीसचे बारीक फोड, आलेल्या माणसाकडून तोंडानेही जातो.

वर्षातून पाच-सहा वेळा किंवा जास्त होत असेल, किंवा जोडीदाराला हर्पीस नसेल, तर रोजच्या गोळीबद्दल विचारा. व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिग्रॅ रोज एक, नाहीतर अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिग्रॅ रोज दोन. याने पुन्हापुन्हा येणं ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतं, आणि रोजच्या व्हॅलासायक्लोव्हिरने जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही साधारण निम्म्यावर येतो. वर्षभर घेऊन मग थांबवून बघता येतं. रोज गोळी म्हणजे आपण कायमचे पेशंट असं काहींना वाटतं, पण लोक प्रेशरची गोळी घेतातच की.

काही वेळा मात्र घरच्या कपाटातल्या गोळ्यांवर भागवायचं नाही. लघवी अडकली, डोळा लाल होऊन दुखायला लागला, ताप येऊन मान आखडली आणि डोकं फुटायला आलं, किंवा एचआयव्ही असताना फोड भरतच नाहीत, तर त्याच दिवशी इस्पितळ. दिवस गेले असतील तर डॉक्टरला हर्पीसचं लाजेपोटी लपवू नका, जोडीदाराला असेल तरीही सांगा. ३६व्या आठवड्यापासून रोज गोळी देतात, आणि कळा सुरू झाल्यावर फोड असतील किंवा मुंग्या येत असतील तर सिझेरियन करतात, कारण नवजात बाळाला हा व्हायरस जिवावर बेतू शकतो.