पोल वॉल्ट नवीन शिकताय? पहिल्या वर्षात काय होईल ते आधी वाचा

बांबूउडी शिकायला आलेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, सर तीन मीटर कधी जाईल? तर बघा, पहिलं वर्षभर बारकडे बघूच नका, पोल कुठं धरताय ते बघा. बॉक्स, म्हणजे पोल टेकवायचा खड्डा, 20 सेंटीमीटर खोल असतो, म्हणजे ग्रिप 3.20 वर असेल तर जमिनीपासून हात 3 मीटरवर आला, आणि नवीन माणूस साधारण तेवढंच किंवा त्याच्या थोडं खालीच जातो. हाताच्या वर मीटरभर जाणारे विश्वविक्रमवीर डुप्लांटिससारखे लोक असतात, त्यांचं सोडा.

सुरुवातीची ग्रिप काढायला पोल उभा धरा, वरचा हात जिथवर पोचेल तिथं टेपची खूण करा. मॅटच्या मध्यभागी आरामात पडताय का, मग अर्धी मूठ वर. बॉक्सच्या जवळ पडताय तर लाज न बाळगता खाली या.

पहिले काही आठवडे लाँग जंपच्या वाळूतच जातात. चालत चालत पोल टेकवायचा, उजवा हात वर, टेकऑफ डाव्या पायावर, पोलच्या उजव्या बाजूने पुढं जायचं (डावरे असाल तर सगळं उलट). कंटाळवाणं आहे पण इथं टेकऑफचा पाय वरच्या हाताच्या बरोब्बर खाली यायची सवय लागली नाही ना, तर पुढं रोज खांद्याला हिसका बसणार. मग मॅटवर, सहा पावलांचा रनअप, म्हणजे तीन लेफ्ट (डाव्या पायाची पावलं), आणि बारऐवजी इलॅस्टिकची दोरी.

आकडे हवेतच तर माझा अंदाज: दोन-तीन महिन्यांत 1.80 ते 2.20, पहिला सीझन संपेपर्यंत पळायला बरा असलेला मुलगा 2.50 ते 3 मीटर, मुलगी 2 ते 2.50. मल्लखांब केलेली पोरं उलटं व्हायला घाबरत नाहीत त्यामुळे ती लवकर पुढं जातात, पण स्पीड नसेल तर त्यांचंही अडतंच, कारण वर जायची ताकद येते रनअपमधून, दंडातून नाही.

आणि मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळं थांबतं. तीन लेफ्टवरून चार लेफ्टवर गेलात की पावलं चुकतात, प्लांट (पोल बॉक्समध्ये टेकवणं) उशिरा होतो, हाइट चक्क कमी होते आणि घरचे विचारतात काय झालं रे. काही झालेलं नसतं, दोन-तीन आठवडे ग्रिप तीच ठेवून नुसती पावलं बसवा, बार लावूच नका.

याच काळात पोल वाकत नाही म्हणून हलका पोल मागायची घाई होते. नको! पोलवर किलोत वजन लिहिलेलं असतं, ते तुमच्या वजनाएवढं किंवा जास्तच पाहिजे, हलका पोल जास्त वाकून तुटू शकतो नाहीतर तुम्हाला मॅटच्या बाहेर फेकतो. आणि वाकल्याशिवाय उंच जाता येत नाही हे खरंच नाही, अमेरिकेच्या वॉरमर्डॅमने 1942 मध्ये बांबूवर 4.77 मारली होती. आपल्या भारताच्या देव मीणाची 2025 च्या फेडरेशन कपमधली उडी होती 5.35, म्हणजे फायबरचा पोल, तोही वर्षानुवर्षं मेहनत करून, आणि फरक साधारण दोन फुटांचा. तुमच्या 2.40 ला पोल वाकला काय न वाकला काय.

मॅट नीट बघून घ्या, मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला बॉक्सच्या मागे किमान 6 बाय 6 मीटर आणि 80 सेंटीमीटर जाड लागते, फटी असलेल्या जुन्या गाद्यांवर उडी मारूच नका. वहीत रोज ग्रिप, किती लेफ्ट आणि कुठला पोल एवढं लिहा, हाइट शेवटी. स्वतःचा पोल मात्र पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, ग्रिप आणि वजन वाढलं की तो बदलावा लागतो, आणि चार मीटरची नळी एसटीत कुठं ठेवायची हा प्रश्न वेगळाच.