जेएसपीचा बग खरा कुठे सापडतो: टॉमकॅटच्या वर्क फोल्डरबद्दल नव्यांसाठी

कराडहून पुण्याला आले तेव्हा कर्वेनगरला तिघींनी मिळून एक खोली घेतली होती. डेक्कनच्या एका क्लासला सहा महिने स्प्रिंग बूट शिकले, हिंजवडीत नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात हातात आलं ते विम्याच्या एका जुन्या अ‍ॅप्लिकेशनचं सपोर्टचं काम. दीडशेच्या वर जेएसपी पानं (एचटीएमएलमध्ये जावा कोड मिसळलेली) आणि खाली ती चालवणारा टॉमकॅट सर्व्हर. क्लासमध्ये जेएसपी दोन दिवसांत उरकली होती, कारण "आता हे कोण वापरतं?" हे सगळ्यांचंच मत होतं. पण जुनी अ‍ॅप्लिकेशन्स चालू असतात, त्यांच्यावर माणसांचे पैसे फिरत असतात, आणि ती सांभाळायचं काम फ्रेशरच्या वाट्याला सर्रास येतं. तुमच्याही आलं असेल तर मला जे पहिले तीन महिने कोणी सांगितलं नाही ते इथे लिहिते आहे.

माझा पहिला बग साधा दिसत होता. काही पॉलिसी उघडल्या की पान पांढरं आणि पाचशेची एरर. लॉगमध्ये नलपॉइंटर एक्सेप्शन, आणि पुढे लिहिलेलं: पॉलिसी_जेएसपी.जावा:४१२. मी पॉलिसीचं जेएसपी पान उघडलं, तर ते एकूण १८० ओळींचं. ४१२वी ओळ आणायची कुठून? मला वाटलं सर्व्हरवर वेगळी आवृत्ती टाकलेली आहे. मग दोन्ही फाइली ओळ न् ओळ पडताळल्या, त्या सारख्याच निघाल्या. अख्खा दिवस त्यात गेला. संध्याकाळी आमचे टीम लीड शेजारच्या खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "अगं, तू ज्या फाइलमध्ये शोधतेयस ती चालतच नाही. चालते ती दुसरी. चल, दाखवतो."

त्यांनी टॉमकॅटचं वर्क नावाचं फोल्डर उघडलं. त्यात कॅटालिना, त्यात लोकलहोस्ट, त्यात आमच्या अ‍ॅप्लिकेशनचं नाव, मग ऑर्ग, अपाची, जेएसपी अशी फोल्डरं, आणि सगळ्यात आत पॉलिसी_जेएसपी.जावा. खरोखरची जावा फाइल, सहाशेच्या वर ओळींची. ४१२व्या ओळीवर एजंटच्या ऑब्जेक्टवरून नाव मागितलं होतं. ज्या पॉलिसी ग्राहकांनी एजंटशिवाय थेट घेतल्या होत्या त्यांना एजंटच नव्हता. पाच मिनिटांत बग सापडला.

हे होतं कसं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. जेएसपी पान जसंच्या तसं कधीच चालत नाही. पानाची पहिली मागणी आली की टॉमकॅटमधला जॅस्पर नावाचा भाग त्या पानाचं भाषांतर करून एक जावा सर्व्हलेट (वेबवरच्या मागणीला उत्तर देणारा जावा क्लास) लिहितो, मग ते कंपाइल करून क्लास फाइल बनवतो, आणि मागणीला उत्तर देते ती ही क्लास फाइल. तुमच्या पानातलं एचटीएमएल आउट.राइटच्या ओळी होऊन बसतं, मधला जावा कोड जसाच्या तसा _जेएसपीसर्व्हिस या मेथडमध्ये जातो. लॉगमधले ओळ क्रमांक या तयार झालेल्या फाइलचे असतात. मुलाखतीत जेएसपीचं जीवनचक्र विचारतात म्हणून आपण ते पाठ करून जातो. पण एकदा ही फाइल उघडून वरपासून खालपर्यंत वाचलीत तर पाठ करायला काही उरत नाही.

फाइल शोधताना नावं चकवतात. ऑर्डर-लिस्ट असं मधे आडवी रेघ असलेलं पान असेल तर रेघेच्या जागी _००२डी दिसतं, कारण जावाच्या क्लासच्या नावात ती रेघ चालत नाही आणि २डी हा तिचा हेक्स कोड आहे. अंडरस्कोरचा ५एफ. म्हणून स्टॅक ट्रेसमध्ये _जेएसपीएक्स_मेथ_सी_००५एफफॉरईच_००५एफ० असं काही दिसलं तर घाबरू नका, जेएसटीएल या तयार टॅगसंचातल्या सी लायब्ररीच्या (सी भाषेच्या नव्हे) फॉरईच टॅगची ती पहिली मेथड आहे. पानावर पाच फॉरईच असतील तर शेवटच्या आकड्यावरून कुठला तेही कळतं. आणि टॉमकॅट एक्लिप्समधून चालवत असाल तर हे फोल्डर टॉमकॅटच्या जागी बहुतेक सापडणारच नाही. एक्लिप्स स्वतःची प्रत वर्कस्पेसच्या .मेटाडेटा फोल्डरमध्ये, प्लगइन्सच्या आत, टीएमपी० नावाखाली ठेवतं. यात माझ्या मैत्रिणीचे दोन दिवस गेले होते.

फाइलच्या तारखेवर मात्र विश्वास ठेवू नका. जॅस्पर नव्या जावा फाइलला मुद्दाम मूळ जेएसपीचीच तारीख चिकटवतो, पान बदललं का हे पुढच्या वेळी ताडून बघता यावं म्हणून. खरी वेळ फाइलच्या डोक्यावरच्या कॉमेंटमध्ये असते, आणि ती यूटीसीमध्ये. तिच्यात साडेपाच तास मिळवा. दुपारी तीनला केलेला बदल तिथे साडेनऊचा दिसतो आणि आपण समजतो की पान सकाळपासून कंपाइलच झालेलं नाही.

आता सेटिंगकडे वळू. टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमध्ये वेब.एक्सएमएल आहे. ती तुमच्या अ‍ॅप्लिकेशनची वेब.एक्सएमएल नव्हे, सर्व्हरची. तिच्यात जेएसपी नावाचं सर्व्हलेट शोधा आणि त्याच्या वरची लांबलचक कॉमेंट एकदा शांतपणे वाचा, प्रत्येक पॅरामीटर तिथे समजावलेला आहे. डीबगला लागणारे बहुतेक पॅरामीटर मुळातच चालू असतात. कीपजनरेटेड म्हणजे जावा फाइल पुसू नको, ठेव. क्लासडीबगइन्फो म्हणजे क्लास फाइलमध्ये ओळींची माहिती भर. मॅप्डफाइल म्हणजे एचटीएमएलच्या प्रत्येक ओळीसाठी वेगळी आउट.राइट लिही, म्हणजे मूळ पान आणि जावा फाइल शेजारी ठेवून वाचता येतात. डिस्प्लेसोर्सफ्रॅगमेंट चालू असेल तर एररच्या पानावर मूळ जेएसपीची ओळ आणि आजूबाजूचा तुकडा छापून येतो.

मग आमच्याकडे एररच्या पानावर हा तुकडा का दिसत नव्हता? कारण टेस्टच्या सर्व्हरवर कोणीतरी लाइव्हची वेब.एक्सएमएल उचलून टाकली होती. लाइव्हवर डेव्हलपमेंट हा पॅरामीटर बंद ठेवतात आणि ते बरोबरच आहे. ग्राहकाला आपला कोड दिसता कामा नये आणि दर मागणीला सर्व्हरने फाइली तपासत बसू नये. पण टेस्टवर तेच सेटिंग राहिलं तर जेएसपी बदलूनही पान जुनंच दिसत राहतं. म्हणून नव्या प्रोजेक्टवर गेलात की पहिल्याच दिवशी प्रत्येक सर्व्हरची ही फाइल उघडून बघा. आणि डेव्हलपमेंट चालू असतानासुद्धा मॉडिफिकेशनटेस्टइंटरव्हल हा ४ सेकंदांचा असतो. एकदा तपासणी झाली की पुढचे चार सेकंद टॉमकॅट त्या पानाकडे पुन्हा बघत नाही. सेव्ह करून लगेच रिफ्रेश मारणाऱ्याला जुनं पान मिळतं. स्वतःच्या लॅपटॉपवर तो शून्य करून टाका.

सेटिंग बदललं की सर्व्हर बंद करायचा, वर्कमधलं आपल्या अ‍ॅप्लिकेशनचं फोल्डर पुसायचं, मग सर्व्हर चालू करायचा. आधी कंपाइल झालेली पानं नवं सेटिंग आपोआप उचलत नाहीत. ते फोल्डर पुसायला हात कचरत असेल तर सांगते, त्यात जॅस्परने लिहिलेल्या फाइली असतात आणि त्या तो पुन्हा लिहितो. मात्र सर्व्हर थांबल्यावर उरलेली सेशनंही टॉमकॅट (९व्या आवृत्तीपर्यंत मुळातच) तिथेच साठवतो, त्यामुळे टेस्टरना पुन्हा लॉगिन करावं लागेल. तेवढं त्यांना आधी सांगा.

डीबगर जोडणं ही पुढची पायरी. कॅटालिना.एसएच जेपीडीए स्टार्ट अशी आज्ञा दिली, विंडोजवर असाल तर .बॅट, की टॉमकॅट ८००० क्रमांकाच्या पोर्टवर डीबगरची वाट बघतो. मग एक्लिप्समधून रिमोट जावा अ‍ॅप्लिकेशन म्हणून त्याला जोडायचं. पायथनचा छोटा वेब सर्व्हरही न सांगता ८०००च पकडतो, तेव्हा पोर्ट अडलेला दिसला तर जेपीडीए_अ‍ॅड्रेस बदला. जेपीडीए_सस्पेंडला वाय देऊ नका, तसं केलं तर डीबगर जोडेपर्यंत सर्व्हर उठतच नाही आणि आपण लॉगकडे बघत बसतो. एकदा जोडलं की ब्रेकपॉइंट थेट जेएसपीच्या ओळीवर लावता येतो. कुठली जेएसपी ओळ कुठल्या जावा ओळीला लागते याचा नकाशा जॅस्पर क्लास फाइलमध्येच ठेवतो, त्याला एसमॅप म्हणतात. हा नकाशा डीबगर वाचतो. लॉगमधला स्टॅक ट्रेस तो वाचत नाही, म्हणूनच सगळं सेटिंग बरोबर असूनही लॉगमध्ये ४१२ दिसतो.

हा पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कवर सगळ्यांना उघडा ठेवणं धोक्याचं आहे. त्याला पासवर्ड नसतो, आणि जो जोडला जाईल तो त्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकतो. तो लोकलहोस्टपुरताच ठेवा, लांबच्या सर्व्हरसाठी एसएसएचचा बोगदा वापरा, लाइव्हवर तर कधीच नको. आणि टेस्टच्या सर्व्हरवर ब्रेकपॉइंट लावण्याआधी टेस्टरना विचारा. ब्रेकपॉइंटचं सेटिंग सगळी जावा व्हीएम, म्हणजे अख्खा टॉमकॅट, थांबवण्याचं असेल तर तुम्ही चहाला गेल्यावर सगळ्यांची पानं अडकतात.

ज्या बगमुळे मला या फोल्डरची खरी किंमत कळली तो वेगळाच होता. एका शाखेतून तक्रार आली: हप्त्याच्या पानावर अधूनमधून दुसऱ्याच ग्राहकाचा आकडा दिसतो. आमच्याकडे पन्नास वेळा करून पाहिलं, एकदाही दिसला नाही. विम्याच्या कामात याहून गंभीर तक्रार नसते. कोणी डेटाबेसला दोष दिला, कोणी ब्राउझरच्या कॅशला. मी सवयीने हप्ता_जेएसपी.जावा उघडली आणि हप्त्याचं व्हेरिएबल _जेएसपीसर्व्हिसच्या आत नसून वर, क्लासच्या अंगावर बसलेलं दिसलं. मूळ पानात ते उद्गारचिन्हाच्या टॅगमध्ये (<% %> ऐवजी <%! %>) जाहीर केलेलं होतं. जेएसपीत साधा टॅग आणि उद्गारचिन्हाचा टॅग यांत एका चिन्हाचा फरक, नजरेतून सहज सुटतो. जावा फाइलमध्ये मात्र एक मेथडच्या आत पडतो आणि दुसरा बाहेर. त्या सर्व्हलेटचं एकच ऑब्जेक्ट सगळ्या ग्राहकांच्या मागण्या एकाच वेळी हाताळतं, म्हणजे क्लासवरचं व्हेरिएबल सगळ्यांचं सामाईक. दोघांनी एकाच क्षणी पान उघडलं की एकाचा हप्ता दुसऱ्याला.

सिद्ध करायला डीबगर कामी आला. ब्रेकपॉइंट फक्त थ्रेड थांबवेल असा ठेवला, पहिल्या ब्राउझरची मागणी मधेच अडवून धरली, दुसऱ्या ब्राउझरमधून वेगळी पॉलिसी उघडून ती पुढे सोडली, आणि मग पहिलीकडे परत आले तर तिच्यातला आकडा बदललेला. टीम लीडना बोलावून समोर करून दाखवलं. दुरुस्ती एका चिन्हाची होती, पण उरलेली सगळी पानं त्यासाठी तपासली आणि आणखी चार ठिकाणी तोच प्रकार निघाला.

मोठ्या पानांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. जावाच्या एका मेथडचा बाइटकोड ६५,५३५ बाइटच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि पानाचा बहुतेक भाग एकाच मेथडमध्ये उतरतो. इन्क्लूड डायरेक्टिव्हने जोडलेले तुकडेही त्याच मेथडमध्ये येतात. त्यामुळे मेथड मर्यादेबाहेर गेल्याची एरर आली की काही तुकडे जेएसपी:इन्क्लूडने जोडा, ते वेगळं सर्व्हलेट म्हणून कंपाइल होतात. मॅप्डफाइल बंद केल्यानेही थोडी जागा सुटते, पण वाचनीयता जाते. मी आधी तुकडे पाडते.

शेवटी आपल्याकडे हमखास येणारी अडचण: पानावरचं मराठी बिघडणं. इथेही आधी जावा फाइल उघडायची, यूटीएफ-८ मध्ये. आउट.राइटमध्ये 'विमाहप्ता' स्वच्छ देवनागरीत दिसत असेल तर जॅस्परने पान बरोबर वाचलंय, बिघाड पुढे आहे, पानाचा कंटेंटटाइप बघा. तिथेच चिन्हं चढलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसली तर वाचतानाच घोळ झालाय: पेजएन्कोडिंग सांगितलेलं नाही, म्हणून जॅस्परने फाइल आयएसओ-८८५९-१ समजून वाचली. ब्राउझरमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर अक्षरं बरोबर होती, पण ज्या एन्कोडिंगमध्ये बाहेर पाठवली त्यात देवनागरीला जागाच नव्हती. डेटाबेसमधून आलेल्या ग्राहकांच्या नावांचं असं होतं. आणि मुख्य पान नीट पण वरची पट्टी बिघडलेली, असं असेल तर पट्टीची फाइल वेगळी आहे आणि तिच्यात पेजएन्कोडिंगची ओळ नाही. डायरेक्टिव्हने जोडलेली प्रत्येक फाइल जॅस्पर तिच्या स्वतःच्या एन्कोडिंगने वाचतो, मुख्य पानाचं तिला लागू होत नाही. दीडशे पानांत ती ओळ घालत बसण्यापेक्षा अ‍ॅप्लिकेशनच्या वेब.एक्सएमएलमध्ये जेएसपी-प्रॉपर्टी-ग्रुप लिहून सगळ्या जेएसपी आणि जेएसपीएफ (जोडायच्या तुकड्यांच्या) फाइलींना एकदाच यूटीएफ-८ लावा, वर्क पुसा आणि सर्व्हर चालू करा.